डिझेल पिकअपचा ब्रेक कडक होणे : कारणे, तपासणी व दुरुस्ती

शेतमाल बाजारात नेणाऱ्या डिझेल पिकअपचे ब्रेक पेडल एकाएकी दगडासारखे कडक लागते. जोर लावूनही गाडी नेहमीच्या अंतरात थांबत नाही. चालक ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतो. गॅरेजमध्ये लायनर बदलले जातात, ब्रेक ऑइल भरून हवा काढली जाते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच अनुभव येतो. पेडल कडक असेल तर बिघाड बहुधा चाकांत नसतोच. पायाला मदत करणाऱ्या व्हॅक्युम बूस्टरला व्हॅक्युम मिळत नाही, किंवा मिळालेला तो धरून ठेवत नाही. हा दोष साध्या चाचण्यांनी शेतावरच बराचसा ओळखता येतो.

पुढील माहिती ब्रेक ऑइलवर चालणारे आणि व्हॅक्युम बूस्टर असलेले ब्रेक ज्या गाड्यांना आहेत त्यांच्यासाठी आहे, म्हणजे डिझेल पिकअप, जीप, छोटे टेम्पो वगैरे. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचनाच निराळी असते. त्यांना या चाचण्या लागू पडत नाहीत.

बूस्टर काय करतो

बोनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूला, ब्रेक ऑइलच्या डबीमागे काळ्या रंगाचा पसरट गोल डबा दिसतो. तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असून पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबले की पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते. पुढच्या बाजूला व्हॅक्युम कायम असतो. त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो आणि तो जोर पायाच्या जोरात मिळतो.

हा जोर किती असतो ते हिशेबाने पाहावे. पडदा ९ इंच व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर येते. चांगल्या व्हॅक्युममध्ये दाबाचा फरक चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८ किलो असतो. म्हणजे पडद्यावर ३०० किलोंहून अधिक जोर येऊ शकतो. पायाने २० किलो जोर दिला आणि पेडलच्या दांड्यामुळे तो चौपट झाला, तरी होतात ८० किलोच. पूर्ण मदत मिळत असताना आणि मुळीच मिळत नसताना किती तफावत पडते, हे यावरून लक्षात येईल. बूस्टर बंद पडला तरी ब्रेक लागतो. मात्र त्यासाठी पायाला कित्येक पट जोर द्यावा लागतो, आणि रिकाम्या गाडीत हे जेमतेम जमले तरी भरल्या गाडीत जमेलच असे नाही.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. तिच्यामुळे इंजिनातच व्हॅक्युम तयार होतो आणि बूस्टरला तोच पुरतो. डिझेल इंजिन हवा जवळजवळ मोकळी ओढते, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्युम पंप बसवावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला जोडलेला असतो. काही गाड्यांत तो इंजिनच्या डोक्यावर बसून कॅमशाफ्टवर फिरतो. दोन्ही प्रकारांत पंपाला वंगण इंजिन ऑइलचेच मिळते. म्हणजे डिझेल गाडीच्या ब्रेकची मदत पट्टा, अल्टरनेटर आणि इंजिन ऑइल या तिन्हींवर अवलंबून असते. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचे हे भाग सहसा कोणी पाहत नाही.

आणखी एक फरक आहे. पेट्रोल गाडीत बूस्टर गळू लागला की इंजिनची चाल बिघडते आणि चालकाला सुगावा लागतो. डिझेलमध्ये इंजिन खणखणीत चालत राहते. पेडल कडक होण्यापलीकडे दुसरी खूण सहसा मिळत नाही.

कडक, मऊ की नुसताच कमी

तपासणीपूर्वी पेडल नेमके कसे लागते, हे चालकाला नीट विचारावे. ‘ब्रेक लागत नाही’ एवढ्याने काही कळत नाही.

पेडल कडक आहे, थोडेच खाली जाते आणि गाडी थांबत नाही, ही बूस्टरची मदत गेल्याची खूण. पेडल मऊ लागते, खोल जाते, दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे, कुठे गळती आहे किंवा मागच्या ब्रेकची सेटिंग ढिली झाली आहे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू फळीकडे उतरत असेल, तर मास्टर सिलिंडरची रबरे आतून ऑइल सोडत आहेत. पेडल नेहमीसारखे लागते पण लांब उतारावर ब्रेकचा जोर कमी होत जातो, जळका वास येतो, तर लायनर तापले आहेत. पावसात किंवा ओढ्यातून गाडी काढल्यावर थोडा वेळ ब्रेक कमी लागतो, तो ओल्या लायनरमुळे.

चालत्या गाडीत पेडल कडक झाले तर

ही माहिती चालकांना अगोदर असावी. त्या क्षणी विचाराला सवड मिळत नाही.

मऊ झालेले पेडल भराभर मारले तर ब्रेक थोडा जमतो, म्हणून अनेकांच्या पायाला ती सवय असते. कडक पेडलच्या बाबतीत हीच सवय घातक ठरते. इंजिन बंद पडले किंवा पट्टा तुटला तरी बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्युम शिल्लक असतो, आणि प्रत्येक वेळी पेडल सोडून दाबले की तो कमी होतो. म्हणून पेडल मारत बसू नये. पाठ सीटला टेकवून, लागल्यास दोन्ही पायांनी, एकदाच पूर्ण जोर देऊन पेडल दाबावे आणि सोडू नये. गाडी गिअरमध्येच ठेवावी, जमेल तसा एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढत जावा. हँडब्रेक एकदम ओढला तर मागची चाके घसरतात. इंजिन चालू असेल तर चावी बंद करू नये. पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

नाशिककडून मुंबईला जाणारा माल कसारा घाटाने उतरतो. जुन्नर-नारायणगावकडचा माल माळशेज घाटाने कल्याणला जातो. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची, कधी इंजिनच बंद करण्याची खोड काही चालकांना असते. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. दोन-तीन वळणांवर ब्रेक मारले की बूस्टर रिकामा होतो आणि पुढच्या वळणावर पेडल कडक लागते. यात डिझेल वाचते हा समजही खरा नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर उतारावर इंजिनला डिझेल जवळपास जातच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच बरोबर आहे.

पेडल कडक झालेली गाडी ‘सावकाश नेऊ’ म्हणून मालासह पुढे काढू नये. नाशवंत माल अडकतो ही अडचण खरी आहे. त्यासाठी दुसरी गाडी बोलवावी.

कडक केव्हा होतो, यावरून अंदाज

मेकॅनिककडे जाण्याआधी दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवले तर निम्मे निदान इथेच होते.

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पेडल दाबून पाहावे. गाडी रात्रभर उभी असली तरी चांगल्या बूस्टरमध्ये व्हॅक्युम शिल्लक राहतो आणि पहिला दाब हलका जातो. तो पहिल्याच दाबाला कडक असेल, पण इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात हलका होत असेल, तर पंप ठीक आहे आणि साठवलेला व्हॅक्युम गळतो आहे. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की रात्रीत पाईप रिकामा होतो आणि सकाळी पंप पाणी उचलत नाही, तसाच हा प्रकार. इथे फूट व्हॉल्व्हचे काम बूस्टरवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह करतो. एरवी गाडी ठीक थांबते म्हणून हा दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण इंजिन वाटेत बंद पडले तर अशा गाडीला शिल्लक मदत अगदी थोडी मिळते.

पहिला ब्रेक चांगला, लगोलग मारलेला दुसरा बरा आणि तिसरा कडक, असे होत असेल तर पंप खर्ची पडलेला व्हॅक्युम वेळेत भरून काढू शकत नाही. पंपाची पाती झिजली असतील, पट्टा घसरत असेल किंवा पाईपला बारीक चीर असेल. हा दोष सपाट रस्त्यावर कळत नाही, कारण तिथे दोन ब्रेकमध्ये पुरेसा वेळ जातो. घाटात किंवा बाजार समितीच्या गर्दीत तो उघडा पडतो. गर्दीत इंजिन मंद चालीवर असते आणि पंपही हळू फिरतो, म्हणून रेस दिली की ब्रेक सुधारतो.

तास-दीड तास चालल्यानंतरच पेडल कडक होत असेल, तर व्हॅक्युम पाईपवर संशय घ्यावा. जुना किंवा ऑइलने भिजलेला रबरी पाईप गरम झाल्यावर मऊ पडतो आणि आतून चपटा होतो. गाडी गॅरेजला पोहोचून थंड होईपर्यंत पाईप पुन्हा गोल झालेला असतो आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. अशी गाडी गरम असतानाच तपासावी.

पेडल कडक झाले आणि त्याच वेळी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तर आधी पट्टा पाहावा. पंप अल्टरनेटरवर असलेल्या गाडीत पट्टा तुटला की चार्जिंग आणि ब्रेकची मदत एकदमच जाते. अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावरही लक्ष ठेवावे. बॅटरीचा दिवा पाहून ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणणे अशा गाडीत परवडणारे नाही.

ब्रेक कडक होण्याबरोबर गाडीचा पिकअपही कमी झाला असेल, तर तीही एक खूण आहे. काही गाड्यांत टर्बोचे नियंत्रण किंवा ईजीआर झडप याच पंपाच्या व्हॅक्युमवर चालते. त्यांची एखादी बारीक नळी निसटली तर सगळीकडचाच व्हॅक्युम कमी पडतो.

पायाने करायच्या तीन चाचण्या

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गिअर न्यूट्रल ठेवावा.

पहिली चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे. शिल्लक व्हॅक्युम संपून ते कडक होईल. आता पेडल मध्यम जोराने दाबून धरावे आणि तसेच धरून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली थोडेसे खाली गेले पाहिजे. ते जागचे हललेच नाही, तर मदत मिळत नाही हे नक्की झाले.

दुसरी चाचणी. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे. थोडे थांबून पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबावे. पहिल्यांदा ते खोल जाते, नंतर प्रत्येक वेळी थोडे वर राहते. असे झाले तर बूस्टर व्हॅक्युम धरून ठेवतो आहे. पहिल्यापासून एकाच उंचीवर कडक राहिले, तर व्हॅक्युम गळतो आहे किंवा तयारच होत नाही.

तिसरी चाचणी. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि अर्धा मिनिट पाय हलवू नये. पेडल जागेवरच राहिले पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागले, तर पेडल दाबलेले असताना बूस्टर गळतो आहे.

या चाचण्या करताना पेडलच्या मुळाशी कान द्यावा. पेडल दाबताना क्षणभर हवा आत गेल्याचा आवाज येतो, तो नेहमीचा. पेडल धरून ठेवले असताना सतत ‘स्स’ असा आवाज येत राहिला, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे किंवा त्याची आतली झडप नीट बसत नाही.

पंपापासून बूस्टरपर्यंतचा शोध

चाचण्यांनी मदत जात असल्याचे ठरले की दोष कोणत्या टप्प्यात आहे ते पाहावे. इंजिन चालू असताना हात घालायचे असल्याने बाह्या, गमछा, हातातले कडे पट्टा आणि पंख्यापासून दूर ठेवावे.

बूस्टरवर रबरी बुचात बसवलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाईपसह हलक्या हाताने ओढून काढावा. सुरी-पक्कड लावून बूच फाडू नये. बूच फाटले तर तोच नवा दोष होतो. इंजिन मंद चालीवर ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवावा. काही सेकंदांत अंगठा जोरात ओढला गेला पाहिजे. तो चांगला ओढला जातो आणि तरी ब्रेक कडक आहे, तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्यापुढे आहे. ओढ कमी असेल तर पाईप पंपाच्या तोंडाकडून काढून तिथे अंगठा ठेवावा. तिथे ओढ जोरात लागली, तर पंप चांगला आणि पाईप किंवा व्हॉल्व्ह खराब. तिथेही कमी लागली, तर पंपाकडे वळावे.

अंगठ्यापेक्षा व्हॅक्युम गेज केव्हाही बरे. समुद्रसपाटीजवळ चांगला पंप पाऱ्याच्या ६०० ते ७०० मिलिमीटरपर्यंत व्हॅक्युम देतो. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावी. मात्र उंचीचा हिशेब विसरू नये. दर १०० मीटर उंचीला हवेचा दाब साधारण ८ ते ९ मिलिमीटरने घटतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. वाशीत जो पंप ६८० मिलिमीटर दाखवतो, तोच तिथे शंभरएक मिलिमीटर कमी दाखवेल. तो पंपाचा दोष नव्हे.

पाईप तपासताना नुसते वरून पाहू नये. पूर्ण लांबीभर वाकवून पाहावा, टोकांशी क्लिपखाली चिरा पडल्या आहेत का, बॉडीला घासून झिजला आहे का, ते बघावे. गाडी धान्याच्या गोदामात किंवा गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा हमखास शोधाव्यात. दुसऱ्या नळ्यांच्या फांद्या असतील तर एकेक फांदी काढून तोंड तात्पुरते बंद करावे आणि ओढ वाढते का ते पाहावे. वाढली, तर गळती त्याच फांदीवर आहे.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह सुटा करून फुंकून पाहता येतो. बूस्टरकडच्या तोंडातून फुंकले तर हवा पंपाच्या दिशेने गेली पाहिजे, उलट बाजूने मुळीच जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल किंवा कोणत्याच बाजूने जात नसेल, तर बदलावा. काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह पाईपच्या आतच असतो आणि पाईपवर बाण छापलेला असतो. पाईप उलटा बसवला तर बूस्टरला व्हॅक्युम पोहोचतच नाही. इतर कामासाठी पाईप काढल्यानंतर ब्रेक कडक झाला असेल, तर आधी हा बाण पाहावा.

पंपात आधी पट्ट्याचा ताण, मग ऑइलचा पुरवठा पाहावा. अल्टरनेटरवरच्या पंपाला ऑइल आणणारी बारीक नळी आणि परत नेणारी जाड नळी अशा दोन नळ्या असतात. बारीक नळी काळ्या गाळाने तुंबली की पंप कोरडा चालतो आणि पाती झिजतात किंवा तुटतात. परतीची नळी दबली की ऑइल पंपात साचते आणि व्हॅक्युम पाईपकडे जाऊ लागते. ऑइल आणणारी नळी फुटली, तर प्रश्न ब्रेकपुरता राहत नाही. चालू इंजिनातले ऑइल बाहेर जाऊन इंजिनच जाम होऊ शकते. म्हणून अल्टरनेटरच्या मागे ओलसर काळे ऑइल दिसले की ते पुसून सोडून देऊ नये.

अल्टरनेटर नुकताच दुरुस्त किंवा बदललेला असेल तर हे अवश्य विचारावे. इलेक्ट्रिशियन चार्जिंग तपासून गाडी देतो, ब्रेक पाहणे त्याच्या कामात येत नाही. नळ्यांचे वॉशर जुनेच बसवलेले, नळी पिळली गेलेली किंवा जुन्या बाजारातून आणलेला निराळ्या मापाचा पंप, हे सर्व प्रकार अशा कामानंतर आढळतात.

बूस्टर काढण्याआधी आणखी एक ठिकाण पाहावे. ब्रेक ऑइलची पातळी वारंवार खाली जाते, पण चाकांपाशी वा नळ्यांवर कुठेच गळती दिसत नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो नळ्यांना ताण न देता थोडा पुढे घ्यावा आणि मागे बोट फिरवावे. ओले लागले तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या रबरातून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये जात आहे. नुसता बूस्टर बदलला तर नवाही तसाच खराब होईल. दोन्हींचे काम एकदम करावे. बूस्टरच्या तोंडात काळे इंजिन ऑइल दिसले, तर ते पंपाकडून आले आहे. तिथे व्हॉल्व्ह, पाईप आणि पंपाची परतीची नळी पाहिल्याशिवाय नवा बूस्टर बसवू नये. इंजिन ऑइलने पडद्याचे रबर फुगते.

बूस्टर चांगला असूनही पेडल कडक

तिन्ही चाचण्या व्यवस्थित निघाल्या तर मात्र चाकांकडे जावे. लायनर काचेसारखे गुळगुळीत झाले असतील, कॅलिपरच्या पिना चिखल-गंजाने अडकल्या असतील, किंवा चाकाकडचा रबरी ब्रेक पाईप आतून सुजून बंद झाला असेल. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी झडप असते. तिचा दांडा चिखलाने अडकला, किंवा पाटे बदलताना कोणी तारेने बांधून ठेवला, तर भरल्या गाडीत मागची चाके पुरेसा ब्रेक घेत नाहीत. तो बांधून ठेवणे हा उपाय नाही.

खेड्यापाड्यांत आढळणारा एक प्रकार मुद्दाम सांगितला पाहिजे. ब्रेक ऑइल मिळाले नाही म्हणून डबीत इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल टाकले जाते. दोन्ही खनिज तेले आहेत. त्यांनी ब्रेकची रबरे फुगतात, ब्रेक सुटत नाही, चाके तापतात आणि शेवटी सगळी यंत्रणा उघडून रबरे बदलावी लागतात. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच, सीलबंद बाटलीतले ऑइल वापरावे. उघडी राहिलेली बाटली हवेतील ओल शोषते, ती वापरू नये.

दुरुस्ती करताना

व्हॅक्युम पाईपच्या जागी ठिबकची नळी, फवारणी पंपाचा पाईप किंवा पाण्याचा पाईप लावलेला पाहायला मिळतो. फवारणीचा पाईप आतून येणारा दाब सहन करतो. इथे दाब बाहेरून येतो आणि इंजिनची उष्णताही असते. तो तापून चपटा होतो. व्हॅक्युमसाठी बनवलेला पाईपच, मूळ व्यासाचा आणि मूळ लांबीचा घ्यावा.

पंप झिजला असेल तर काही ठिकाणी पातींचा संच मिळतो. परंतु पंपाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडले असतील तर नुसती पाती बदलून फार दिवस निघत नाहीत. नवा पंप बसवताना त्यात थोडे स्वच्छ इंजिन ऑइल घालावे, कारण पुरवठ्याचे ऑइल पोहोचेपर्यंत तो कोरडा फिरतो. तुटलेल्या पातींचे तुकडे परतीच्या नळीत राहिले नाहीत ना, हे पाहावे. जुना पंप गाळामुळे गेला असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टर त्याच वेळी बदलावेत.

फाटलेला बूस्टर उघडून चिकटपट्टी करून देणारे कारागीर आहेत. मालवाहू गाडीसाठी तो मार्ग धरू नये, पूर्ण बूस्टर बदलावा. बसवताना त्याचा पुढचा दांडा आणि मास्टर सिलिंडर यांच्यातली फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. फट उरली नाही तर ब्रेक धरून राहतो. जास्त राहिली तर पेडल वाया खाली जाते आणि ‘नवा बूस्टर टाकूनही ब्रेक नीट नाही’ अशी तक्रार घेऊन गाडी परत येते.

गटांच्या आणि उत्पादक कंपन्यांच्या गाड्या

शेतकरी गट व उत्पादक कंपन्यांच्या गाडीवर चालक बदलत राहतात. पेडल रोज थोडे थोडे कडक होत गेले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येकाला ती गाडी तशीच वाटते. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या बैठकीत पहिली चाचणी सर्व चालकांकडून एकदा करून घ्यावी. माल भरण्यापूर्वी ती रोज करायला अर्धे मिनिटही लागत नाही. गाडीच्या वहीत डिझेलच्या नोंदीशेजारी पट्टा, व्हॅक्युम पाईप व इंजिन ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहावेत. इंजिन ऑइल वेळेवर न बदलण्याचा फटका ब्रेकला बसतो, ही गोष्ट बऱ्याच चालकांना नवी असते.

दुरुस्तीनंतर गाडी थेट भरून घाटात नेऊ नये. आधी रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर, नंतर निम्म्या मालासह हलक्या उतारावर लागोपाठ चार ब्रेक मारून पाहावे. चौथ्या वेळी पेडल पहिल्याइतकेच हलके लागले पाहिजे. गाडी गरम असताना ही चाचणी पुन्हा करावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पहिला दाब हलका जातो का तेही पाहावे.